देवकुंडची पहिली वाट: पावसाळी जंगलातल्या धबधब्याची आखणी कशी करावी

जुलै उजाडला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "दादा, या रविवारी देवकुंडला जायचंय. वाट सोपी आहे ना?" सोपी आहे, आणि लोक फसतात ते त्यामुळेच. ना कडा चढायचा, ना दोर लावायचा. रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावातून निघून सहा-एक किलोमीटर चालत राहिलं की कुंड समोर येतं. इथे माणसं दमून अडकत नाहीत, पाण्याने अडकतात. तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याने बॅग भरण्याआधी पाण्याचा हिशेब मांडायला शिकावं. बाकीची तयारी त्याच्या मागोमाग होते.

रेनफॉरेस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ॲमेझॉन येतं. तिथे वर्षभर कमीजास्त पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचं जंगलही पावसावरच पोसलेलं आहे, पण आपला बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. त्यामुळे आपले धबधबे ज्या दिवशी सगळ्यात देखणे दिसतात, त्याच दिवशी सगळ्यात घातक असतात. ॲमेझॉनच्या जंगलासाठी लिहिलेल्या सूचना इथे अर्ध्याच लागू पडतात. (अस्सल सदाहरित जंगल बघायचं असेल तर कोयना, राधानगरी, आंबोली, गोव्यातलं मोले इकडे जावं. देवकुंडचं रान निमसदाहरित आहे. नवख्यासाठी ते बरं, एका दिवसात परत येता येतं.)

नकाशा उलटा वाचा

आपण नकाशात गाडी कुठे लावायची आणि धबधबा कुठे, एवढंच बघतो. उलटं करा. आधी धबधब्यावर बोट ठेवा आणि तिथून पाण्याच्या उगमाकडे वर सरका. देवकुंडचं पाणी येतं ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरून, प्लस व्हॅली म्हणतात त्या दरीतून. रस्त्याने जाताना जिथे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, त्याच माथ्याचं पाणी त्या दरीत गोळा होतं आणि तिच्या टोकाला जे कोसळतं ते देवकुंड. म्हणजे आपण पायथ्याला, रायगड जिल्ह्यात उभे असतो आणि आपल्या डोक्यावर ओतणारा पाऊस पुणे जिल्ह्याच्या हद्दीत पडत असतो.

आता त्या माथ्यावर पडतं किती ते बघा. २५ जुलै २०२४ ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात अख्ख्या वर्षाची सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास आहे. वर्षभराच्या तीन-चतुर्थांश पाऊस एका दिवसात, उभ्या उतारावर, आणि त्या पाण्याला वाट एकच, तुम्ही ज्या ओढ्यातून चालत आलात तीच.

मी हे शिकलो ते एका ऑगस्टमध्ये, ताम्हिणीच्याच पायथ्याच्या एका ओढ्यावर. ऊन पडलं होतं. जाताना पोटरीभर पाणी ओलांडून गेलो, पाऊण तासाने परतलो तर पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि कमरेच्या वर चढलं होतं. आमच्या अंगावर पावसाचा थेंब पडला नव्हता. पलीकडे गुरं घेऊन आलेले एक काका नुसता हात करून "बसा, बसा" म्हणत होते. साडेतीन तास बसलो. तेव्हापासून माझा नियम असा की खालचं आभाळ बघायचंच नाही, वरचं बघायचं.

महिना ठरवा, मग वार

पावसाळ्यात या परिसरात जिल्हा प्रशासन बंदी आदेश काढतं. पळवाटा सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. बंदी असेल तर जायचं नाही, यावर मी वाद घालत नाही. २०२४ च्या जून-जुलैत लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, आणि माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ दरीत पडून एका तरुणीचा जीव गेला. दोन्ही ठिकाणं सहलीची, नेहमीच्या वर्दळीची.

नवख्यासाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन डिसेंबरअखेरपर्यंत. पाणी भरपूर असतं, पण शहाणं झालेलं असतं. कुंड निळंहिरवं दिसतं तेही तेव्हाच, जुलैत ते गढूळ असतं. रीलमध्ये बघून भुललेला रंग बहुधा नोव्हेंबरचा असतो. जानेवारीनंतर धार बारीक होत जाते. फेब्रुवारीत गेलात तर जंगल बघायला गेलो असं समजावं.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा फसवा. मुंबई-पुण्यातून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८-९ ऑक्टोबर आहे, पण परतीचा पाऊस हा दुपारचा पाहुणा. सकाळी लख्ख ऊन, दोन-अडीचला ढग, तीनला कडकडाट. त्या दिवसांत जाणारच असाल तर दुपारी बाराला कुंडावरून पाय निघालाच पाहिजे.

वार कोणता? रविवार सोडून कोणताही. रविवारी त्या पायवाटेवर लग्नाच्या पंगतीसारखी रांग लागते, ओढ्यावर खोळंबा होतो, आणि खोळंब्यात माणसं भलत्याच जागेतून पाणी ओलांडायला जातात.

हवामानाचा अंदाज कसा बघायचा

फोनमधलं ढगाचं चित्र पुरेसं नाही. भारतीय हवामान खात्याच्या जिल्हावार इशाऱ्यांत रायगड बघा आणि त्याबरोबर 'पुणे घाट' बघा. खातं पुणे शहर आणि पुण्याचा घाटमाथा यांचे इशारे वेगळे देतं, आणि आपल्याला हवा तो घाटमाथ्याचा. यलो असेल तर मी नवख्यांना घेऊन जात नाही. ऑरेंज किंवा रेड असेल तर प्रश्नच मिटला. शब्दांनाही ठरलेले अर्थ आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'.

जायच्या आदल्या दिवशी माथ्यावर किती पडला हेही बघा. भिजलेली जमीन पाणी पीत नाही, आलेलं सगळं खाली सोडते.

आणि सकाळी निघायच्या आधी भिऱ्यातल्या वाटाड्याला एक फोन: "दादा, ओढ्याला पाणी किती?" सॅटेलाइटपेक्षा हे उत्तर मला जास्त पटतं.

वाटाड्या

गावातला वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि नियम नसता तरी घ्या म्हणून सांगितलं असतं. वाट चुकायची भीती फार नाही, ती मळलेली आहे. त्याला कळतो तो ओढा. कुठल्याशा दगडावर पाय ठेवला की पाणी कालच्यापेक्षा वर आहे हे तो न थांबता सांगतो. त्याने "आज नको" म्हटलं तर तिथेच चहा प्यायचा आणि कोलाडच्या बाजूला कुंडलिकेचं खोरं बघून परत यायचं. "आम्ही पुण्याहून एवढं आलोय" हे वाक्य त्याला ऐकवू नये. पैसे आधीच ठरवा, किती जणांचे आणि किती वेळाचे ते स्पष्ट बोला, आणि उतरताना घासाघीस करू नका.

जेवणाची सोयही सकाळीच गावात सांगून ठेवा. कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी, तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडी असं मिळतं. ताईंना डोकी मोजून सांगा आणि सांगितलेली वेळ पाळा. बायकांना कपडे बदलायला, स्वच्छतागृहाला हेच घर उपयोगी पडतं. पुढे जंगलात काही सोय नाही, तेव्हा जाण्यापूर्वीच विचारून घ्या, संकोच करू नका.

पोचायचं कसं

पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळे आणि तिथून भिरा, साधारण शंभर-एकशेदहा किलोमीटर. मुंबईहून एक तर खोपोली, पाली, रवाळजे, पाटणूस मार्गे, नाहीतर मुंबई-गोवा महामार्गाने कोलाडपर्यंत येऊन विळ्याकडे वळायचं. रेल्वेने कोकण रेल्वेचं कोलाड किंवा माणगाव. एसटीच्या वेळा आगारातून विचारून घ्या, पण एकदिवशी बेतासाठी स्वतःचं वाहन किंवा ठरवलेली गाडी बरी, कारण सगळा बेत सकाळच्या वेळेवर उभा आहे. आठला चालायला सुरुवात व्हावी. म्हणजे पुणेकरांनी पाचच्या आत घर सोडायचं, मुंबईकरांनी त्याच्याही आधी. आदल्या रात्री भिऱ्यात किंवा विळ्याच्या बाजूला मुक्काम केलात तर उत्तमच.

भिऱ्याबद्दल एक जाता जाता. मुळशीच्या धरणाचं पाणी डोंगर उतरवून इथे आणलं आणि १९२७ मध्ये टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्याच धरणाविरुद्ध होता. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं ते इथून सुटलेल्या पाण्यावर.

पाठीवर काय घ्यायचं

इथे यादी लांबवण्याचा मोह होतो. तो आवरून सांगतो.

बूट सगळ्यात महत्त्वाचे. गुळगुळीत तळव्याचे पळायचे बूट ओल्या कातळावर साबणासारखे सरकतात. खोल खाचांचा रबरी तळवा असलेले आणि आधी महिनाभर वापरलेले बूट घाला. नवे कोरे घातलेत तर ओढ्याच्या आधी फोडच येतील. बूट भिजणार हे धरून चाला. कोरडे ठेवायला म्हणून काढून हातात घेऊन अनवाणी ओढा ओलांडणारा हमखास घसरतो.

जीन्स नको, भिजली की दोन किलोची होते. पातळ, पटकन वाळणारी लांब पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून. माणशी दोन-अडीच लिटर पाणी. एवढं पाणी बघायला चाललोय मग प्यायचं कशाला न्यायचं, असं म्हणणारा प्रत्येक गटात एक असतो. ओढ्याचं पाणी पिऊ नका, वर गुरं असतात. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, चिक्की, केळी. ओआरएसची दोन पाकिटं. माणशी एक शिट्टी, कारण धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. डोक्याला लावायची विजेरी, दुपारी परत यायचं असलं तरी. रोख सुटे पैसे. एक चांगली काठी, ती गावात मिळेल.

दारू नको. यावर जास्त बोलत नाही.

वाटेवर

सुरुवातीची वाट भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याच्या कडेने जाते, सपाट आणि उघडी. इथे सगळ्यांना जोर येतो आणि गट लांबतो. लांबू देऊ नका. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा, सगळ्यात भरवशाच्या माणसाला शेवटचा. सहा ते आठ जण पुरे. या पाण्यात पोहायला उतरायचं नाही.

मग ओढे येतात आणि त्यांच्या मागे रान मिटतं. खरी मजा इथून. अंजनी, जांभूळ, आंबा, कुंभा, उंबर, वर एकमेकांत गुंतलेले शेंडे, आणि खाली मांडीएवढ्या जाड वेली. गारंबीच्या हातभर लांब शेंगा दिसल्या तर थांबून बघा. डोक्यावर काही खडखड आवाज करत या फांदीवरून त्या फांदीवर गेलं तर ते शेकरू असू शकेल. स्पीकर लावलात तर यातलं काही दिसणार नाही, वर वाटाड्याचं बोलणंही ऐकू येणार नाही.

पाय कुठे ठेवायचा याची एकच खूण. काळा, चकचकीत दगड टाळा, त्यावर शेवाळ असतं. खडबडीत, फिकट, कोरडा दगड घ्या. ओली मुळं आडवी असतात, त्यांच्यावर पाय देऊ नका, ओलांडून टाका. आधारासाठी फांदी धरण्याआधी ती बघा. हिरवा चापडा हा विषारी साप पानांत असा मिसळतो की हात जवळ जाईपर्यंत कळत नाही. ओढा ओलांडताना तोंड वरच्या अंगाला, काठी वरच्या बाजूला रोवलेली, एका वेळी एकच पाऊल. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर पिशवी सोडता आली पाहिजे. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही.

चालायला दोन ते अडीच तास धरा, नवख्यांना तीन. घड्याळात परतीची वेळ आधीच ठरवा. माझी साडेबारा आहे. साडेबाराला कुंड दहा मिनिटांवर असलं तरी मागे फिरायचं. फार कठोर वाटतं, पण दरीत उजेड लवकर जातो आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारासच मावळतो.

पाणी चढतंय हे कसं ओळखायचं

स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं. वरून पालापाचोळा, काटक्या वाहत आल्या. पाण्याचा आवाज जाड झाला, किंवा मघाशी उघडा दिसलेला दगड आता दिसत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी सामान गोळा करत बसू नका. आधी ओढ्यापासून वर, उंच काठावर चढा, मग बोला.

परतीचा ओढा चढला असेल तर बसायचं. तिथेच, वर. असं अचानक आलेलं पाणी माथ्यावरचा पाऊस थांबला की बहुतेकदा काही तासांत उतरतं. माणसं वाहून जातात ती बसून राहिलेली नसतात. हात धरून साखळी करून ओलांडण्याचा प्रयोग नवख्यांनी करू नये, एक घसरला की सगळे ओढले जातात. म्हणूनच खाऊ जास्तीचा, कोरडा जोड आणि विजेरी.

मोबाइलला रेंज मिळेल हे धरू नका. निघण्यापूर्वी घरी एका माणसाला सांगून ठेवा: "पाचपर्यंत फोन आला नाही तर भिऱ्यात या नंबरवर लाव, सहापर्यंत काही कळलं नाही तर ११२." हा निरोप लिहून पाठवा, तोंडी विसरला जातो.

कुंडाशी

तिन्ही बाजूंनी कातळ, मधे धार, खाली डोह. पहिल्यांदा बघणारा गप्प होतो, आणि पाच मिनिटांनी त्याला पाण्यात उतरायचं असतं.

माझं मत: उतरू नका. धार पडते तिथे पाणी खाली दाबलं जातं, आणि हवा मिसळून फेसाळलेल्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तरंगता येत नाही. पाणी थंडगार असतं, एकदम शिरलं की दम लागतो. शिवाय धारेबरोबर वरून दगड येतात, आणि डोहाचा तळ दर पावसाळ्यात बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या अनुभवाला अर्थ नाही. जिथे वाटाड्या नको म्हणेल तिथे पायही बुडवायचा नाही, मग शेजारच्या गटातले कितीही जण उड्या मारत असोत. काठावरच्या उथळ पाण्यात पाय सोडून बसा, दशमी काढा.

सेल्फीसाठी ओल्या दगडावर पाठमोरं उभं राहायचं नाही. आणि कागद, पिशव्या, साली, सगळं परत न्यायचं.

चावणारे, खाजणारे

ओलाव्यात जळवा भेटतात, कोयना-आंबोली-गोव्याकडे तर पावसाळ्यात पावलोपावली. ओढून काढू नका. नख तिच्या तोंडापाशी सरकवून सोडवा, किंवा मीठ टाका. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त न गोठू देणारं द्रव्य सोडते. धुवा, दाबून धरा. भ्यायचं कारण नाही.

हिवाळ्यात खाजकुईली. सोनेरी-तपकिरी लव असलेल्या शेंगा दिसल्या की अंतर ठेवा. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून लव उचलून काढा. आग्या मोहळ कातळाला लटकलेलं दिसलं तर आवाज बंद, धूर नको, आणि त्या दिवशी अत्तरही नको.

साप चावला तर दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. माणसाला शांत ठेवा, अंगठी-घड्याळ काढा, चावलेला हात-पाय काठीला बांधून हलू न देता उचलून आणा. गावात येईपर्यंत कुणीतरी पुढे जाऊन १०८ ला फोन करावा. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे. सापाचा शोध घेण्यात वेळ घालवू नका.

उतरल्यावर

गावात पोचल्या पोचल्या घरी फोन, मग जेवण. जेवणाआधी पायमोजे काढून घोटे, गुडघ्यामागची आणि कमरेची जागा तपासा, गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. गोव्यातल्या सत्तरीत किंवा दोडामार्गाच्या जंगलात जाणार असाल तर हे जास्तच मनावर घ्या, तिकडे गोचिडीतून पसरणारा माकडताप आढळला आहे. पायावर जखम असताना पाण्यातून चाललात तर ती साबणाने धुवा.

त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंग आणि विशेषतः पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर घरच्या घरी गोळी घेऊन बसू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा, "अमुक तारखेला जंगलात, ओढ्याच्या पाण्यातून चाललो होतो." लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) त्यांच्या डोक्यात यायला ते एक वाक्य पुरतं.